दोन वर्षं उशिरा आलेली गांधीलमाशी: पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं प्रकरण

जुलै 2008. कोईमतूरच्या आसपासच्या पपईच्या बागांत पानांच्या मागे, देठांवर आणि फळांवर मैदा उधळल्यासारखा पांढरा थर दिसू लागला. पिठ्या ढेकूण आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. द्राक्ष, पेरू, सीताफळ, डाळिंब, कुठेही तो भेटतो. त्यामुळे हाही त्यातलाच एखादा असेल असं वाटणं साहजिक होतं. पण हा ढेकूण अंगाने पिवळा होता, चिरडला की पिवळा द्रव निघायचा, आणि अल्कोहोलमध्ये टाकला की निळसर काळा पडायचा. आपल्या नेहमीच्या पिठ्या ढेकणांचं असं होत नाही.

तो ओळखला डॉ. रंगास्वामी मुनिअप्पन यांनी. पॅसिफिक महासागरातल्या गुआम बेटावर त्यांनी अनेक वर्षं कीटकशास्त्र शिकवलं होतं आणि 2002 मध्ये हाच ढेकूण तिथे आला तेव्हा त्याला जवळून पाहिलं होतं. पॅराकॉकस मार्जिनॅटस हे त्याचं शास्त्रीय नाव. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. मेक्सिकोत त्याचे नमुने 1955 मध्येच गोळा झाले होते, नाव मात्र 1992 मध्ये मिळालं, कारण स्वतःच्या मुलखात तो कोणाला त्रासच देत नव्हता. तिथे त्याला खाणारे होते.

या प्रकरणात मला एकच गोष्ट तपासायची आहे. 2008 मध्ये कीड ओळखली गेली. तिच्यावरचा उपाय जगात तयार होता आणि सिद्ध झालेला होता. तो उपाय भारतातल्या शेतात पोहोचला ऑक्टोबर 2010 मध्ये. मधली दोन वर्षं कुठे गेली, उपाय आला तेव्हा त्याचा खर्च कोणी उचलला, आणि तो खर्च सरकारशिवाय दुसरं कोणी का उचलू शकत नाही?

नुकसान कसं होतं

मादीला पंख नसतात. ती जागेवर बसून रस शोषते आणि अंगाखालच्या मेणचट कापसात शेकड्यांनी अंडी घालते. महिन्याभरात पुढची पिढी तयार. पिल्लं वाऱ्यावर, मुंग्यांच्या पाठीवर, माणसांच्या कपड्यांवर, फळांच्या क्रेटमधून पसरतात. ढेकणाच्या शरीरातून गोड चिकटा पाझरतो, त्यावर काजळी चढते, पान काळं पडतं आणि अन्न तयार करणं थांबवतं. शेंडा आखडतो, फळं पिवळी होऊन गळतात. मुंग्या त्या चिकट्यासाठी ढेकणांची राखण करतात, जवळ येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात.

तमिळनाडूत मार तीन पिकांवर पडला. पपई तिथे फळासाठी लावतात तशी पपेनसाठी, म्हणजे कच्च्या फळाला चिरा पाडून काढलेल्या चिकासाठीही लावतात. दुसरं पीक टॅपिओका, ज्याच्या कंदांवर सेलम-नामक्कलकडचे स्टार्चचे कारखाने चालतात, आणि ज्याचा साबुदाणा आपण एकादशीला खातो. तिसरं तुती.

तुतीची अडचण सगळ्यात बिकट. तुतीचा पाला रेशीमकिड्याला घालायचा असतो. पाल्यावर कीटकनाशक मारलं आणि त्याचा अंश राहिला तर घरातले किडे मरतात. म्हणजे फवारलं तर किडे गेले, नाही फवारलं तर पाला गेला. अनेकांनी शेवटी तुती उपटून टाकली. कोकून विकून दर महिन्याला हातात पैसा देणारं हे पीक. ते उपटताना त्या घरात काय झालं असेल, हे आपल्याकडच्या रेशीम उत्पादकांना समजावून सांगायला नको.

पपईवाल्यांनी मात्र फवारलं. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, असिफेट, जे मिळेल ते. अंगावर मेण असल्यामुळे औषध ढेकणापर्यंत नीट पोहोचत नाही. जे मरतात ते उघड्यावरचे. पानाच्या घडीतले आणि अंड्यांतले शाबूत राहतात. शिवाय हा ढेकूण 60 हून जास्त वनस्पतींवर जगतो: जास्वंद, भेंडी, वांगं, कापूस, आणि बांधावरचं गाजर गवत. शेतकरी आपली बाग फवारेल, पण रस्त्याकडेचं गाजर गवत कोण फवारणार? ढेकूण तिथून परत येतो.

इथले नैसर्गिक शत्रू अगदीच हातावर हात धरून बसले नव्हते. स्पॅल्गिस एपियस नावाचं एक छोटं फुलपाखरू आहे. त्याची अळी पाला न खाता पिठ्या ढेकूण खाते आणि कोषाचा आकार चक्क माकडाच्या तोंडासारखा असतो. द्राक्षवाल्यांच्या ओळखीचा क्रिप्टोलेमस भुंगाही होता. पण हे दोघे ढेकूण भरपूर झाल्यावर येतात, ताव मारतात आणि ढेकूण कमी झाले की निघून जातात. मागे उरलेले थोडे पुन्हा वाढतात. फवारणीने तर हे दोघे ढेकणांच्याही आधी मरायचे.

उत्तर आधीच मिळालेलं होतं

1990 च्या दशकात ही कीड कॅरिबियन बेटांवर पसरली आणि 1998 मध्ये फ्लोरिडात पोहोचली. तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याने मेक्सिकोत जाऊन तिच्या मूळ शत्रूंचा शोध घेतला. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातले, पण डासापेक्षाही लहान, एक मिलिमीटरही न भरणारे परोपजीवी कीटक सापडले. या कीटकाची मादी ढेकणाच्या पिल्लात अंडं घालते, आतली अळी ढेकूण आतून खाते, ढेकूण फुगून तपकिरी, कडक होतो. त्याला ममी म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत त्या ममीला गोल भोक पाडून नवा कीटक बाहेर पडतो. माणसाला तो चावत नाही, पिकाला स्पर्श करत नाही, या ढेकणावाचून त्याचं भागत नाही.

हे कीटक पोर्तो रिकोतल्या प्रयोगशाळेत वाढवले गेले आणि पोर्तो रिको व डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सोडले गेले. ढेकणांची संख्या 97 टक्क्यांपर्यंत खाली आली. गुआममध्ये 2002 पासून सोडले, तिथली घट 99 टक्क्यांच्या वर नोंदली गेली. त्यानंतर पलाऊ. यातल्या सर्वांत उपयोगी जातीला ॲसेरोफॅगस पपये हे नाव 2003 मध्ये मिळालं. म्हणजे नाव मिळण्याआधीच तिचं काम सुरू होतं. श्रीलंकेत ही कीड भारतासारखीच 2008 मध्ये सापडली, आणि तिथे हे कीटक 2009 मध्ये आले.

दोन वर्षांचा हिशेब

भारतात हे तीन परोपजीवी (ॲसेरोफॅगस पपये, ॲनागायरस लोएकी आणि सुडलेप्टोमॅस्टिक्स मेक्सिकाना) पोर्तो रिकोहून जुलै 2010 मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी उपयुक्त कीटक संस्थेत पोहोचले. तेव्हा तिचं संक्षिप्त नाव एनबीएआयआय होतं, 2014 पासून एनबीएआयआर आहे. तिथे विलगीकरण कक्षात त्यांची तपासणी झाली. सोबत दुसरा नको असलेला कीटक आला आहे का, हे इथल्या उपयोगी कीटकांवर जातील का, हे बघणं अत्यावश्यक असतं. परदेशातून जिवंत कीटक आणताना घाई करायची नसते, आणि परवानगीची अट कोणी शिथिल करावी असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. कीटक आले जुलैमध्ये, शेतात सोडले ऑक्टोबरमध्ये. तपासणी, चाचण्या, वाढवणं, सगळं मिळून साधारण तीन महिने. उरलेली दोन वर्षं कीटक विमानात बसण्याआधीच गेली. कीड कोणती ते माहीत, तिचा शत्रू माहीत, तो वाढवणारी प्रयोगशाळा माहीत. शास्त्रातली सगळी अवघड कामं इतरांनी आठ-दहा वर्षं आधी करून ठेवली होती. राहिली होती ती कागदाची, समन्वयाची आणि पैशाची कामं.

त्या दोन वर्षांत शेतकऱ्याने आपल्या खिशातून बाटल्या आणल्या. सरकारी निधी वेळेवर खर्च झाला नाही की तो खर्च टळत नाही, तो शेतकऱ्याच्या उधारीच्या वहीत जाऊन बसतो. आणि नुसता पैशाचाच प्रश्न असतो तर एक वेळ चाललं असतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले, ते आपल्या डोळ्यांसमोर घडलं. टळू शकणारी एकेक फवारणी म्हणजे पाठीवर पंप घेतलेल्या एका माणसाचा टळलेला धोका असतो.

पैसा कोणाचा होता

इथे दोन प्रकारचा सरकारी पैसा एकत्र आला, आणि हे प्रकरण त्यासाठीच अभ्यासावं असं मला वाटतं.

पहिला प्रकल्पाचा पैसा. अमेरिकन सरकारची यूएसएआयडी ही संस्था एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या संशोधनाला अनुदान देत होती. तो कार्यक्रम व्हर्जिनिया टेक विद्यापीठातून चालायचा आणि डॉ. मुनिअप्पन त्याचे संचालक होते. तमिळनाडू कृषी विद्यापीठ त्यात भागीदार होतं. त्यामुळेच ओळख पटवणारा माणूस योग्य वेळी योग्य बागेत उभा होता, आणि पोर्तो रिकोतल्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेशी दुवा जुळला.

दुसरा पायाभूत पैसा, आणि त्याची बातमी कधी होत नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेने जैविक कीड नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प 1977 मध्ये सुरू केला. 1993 मध्ये त्यासाठी बंगळुरूला स्वतंत्र संचालनालय झालं, 2009 मध्ये त्याचीच राष्ट्रीय संस्था झाली. राज्यांतल्या कृषी विद्यापीठांत या प्रकल्पाची केंद्रं आहेत. खर्चातला 75 टक्के वाटा परिषदेचा, 25 टक्के राज्याचा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही त्याचं केंद्र आहे. या पैशातून काय होतं? कीटक पाळणाऱ्या माणसांचा पगार होतो, जाळीचे पिंजरे होतात, विलगीकरण कक्षाचं वीजबिल भरलं जातं. आणि बटाटे घेतले जातात. हो, बटाटे. मोड आलेल्या बटाट्यांवर पपईचा ढेकूण उत्तम वाढतो, आणि ढेकूण वाढला तरच त्याच्यावर परोपजीवी वाढवता येतो. अंधाऱ्या खोलीत ट्रेमध्ये ओळीने मांडलेले बटाटे, त्यांच्या कोंबांवर पांढरी रांग, आणि त्यावर काचेच्या नळीतून सोडलेले डोळ्याला जेमतेम दिसणारे कीटक. एवढाच हा कारखाना.

असा कारखाना तीन महिन्यांत उभा राहत नाही. 1984 मध्ये गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगा बंगळुरूत सोडला गेला, तेव्हापासूनचा अनुभव त्या संस्थेत मुरला होता, म्हणून 2010 मध्ये तीन महिने पुरले.

आता कळीचा मुद्दा. खाजगी कंपनी हे काम करेल का? करणार नाही, आणि त्यासाठी तिला दोष देण्यात अर्थ नाही. हा कीटक एकदा सोडला की स्वतःच वाढतो, स्वतःच शेजारच्या गावात जातो. एका शेतकऱ्याने विकत घेतला तर शेजाऱ्याला फुकट मिळतो, आणि पुढच्या वर्षी कोणालाच विकत घ्यावा लागत नाही. ट्रायकोकार्ड, म्हणजे परोपजीवी कीटक असलेलं कागदी कार्ड, दर हंगामात विकता येतं, निंबोळी अर्काच्या बाटलीवर किंमत छापता येते. या कीटकाची किंमत छापता येत नाही, कारण तो जितका यशस्वी तितका बाजारातून नाहीसा होतो. म्हणून कमी विषारी, टिकाऊ उपायांच्या संशोधनातला हा भाग सरकारी अनुदानावरच उभा राहणार. अनुदान थांबलं तर दुसरं कोणी पुढे येईल हा भाबडेपणा आहे.

सोडल्यावर काय झालं

तीनपैकी ॲसेरोफॅगस पपये सगळीकडे रुजला. बंगळुरूहून मूळ साठा कृषी विद्यापीठांकडे, कृषी विज्ञान केंद्रांकडे आणि रेशीम खात्याकडे गेला, त्यांनी आपापल्या ठिकाणी वाढवून वाटला. एका बागेसाठी हजारो कीटकांची गरज पडत नव्हती. काही महिन्यांत बागा मोकळ्या दिसू लागल्या. तुती पुन्हा लावली गेली.

2014 मध्ये अमेरिकेतल्या आणि तमिळनाडूतल्या संशोधकांनी मिळून या उपायाचा आर्थिक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांत देशाला झालेला लाभ त्यांनी सुमारे 52 कोटी ते 134 कोटी डॉलर इतका मांडला. दोन टोकांतलं अंतर मोठं आहे, कारण ढेकूण न आवरता तर किती नुकसान झालं असतं याचा अंदाज ठोस नसतो. तरी खालचं टोक धरा. त्या पैशात कीटक पाळणाऱ्या किती खोल्या किती वर्षं चालल्या असत्या, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

दौंड तालुक्यातली एक बाग

ही कीड महाराष्ट्रातही आली. पुणे भागात आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या पपईच्या पट्ट्यात ती नोंदली गेली, आणि मागोमाग ॲसेरोफॅगसही. मी तेव्हा कृषी पदवी संपवून एका सर्वेक्षणाच्या कामावर गावोगाव फिरत होतो. दौंड तालुक्यातल्या एका बागेत गेलो. तैवान जातीची पपई, झाडं छातीएवढी, खालची पानं काजळीने काळी.

"सायेब, सहा फवारण्या झाल्या," बागवाले काका म्हणाले. "दुकानदार दर खेपेला नवी बाटली देतो. चार दिस दबतं, आन् पुन्हा हाय तसंच."

"शेवटची फवारणी कधी झाली, काका?"

"झालं की वीस-बावीस दिस. आता उधारीबी मिळंना, म्हणून थांबलोय."

मी एक पान तोडून उलटं केलं. पांढऱ्या कापसात बोट फिरवलं तर जिवंत ढेकूण बोटाला पिवळा डाग लावत होते. पण त्यांच्यामध्ये, शिरेच्या कडेला, काही दाणे वेगळे होते. फुगीर, तपकिरी, बोटाने दाबले तर कडक. भिंगाखाली धरलं. एकेका दाण्याच्या टोकाला नीट गोल भोक, सुईने पाडावं तसं. मी भिंग काकांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्ये कुणी मारलं?"

त्या बागेत कोणी कीटक सोडले नव्हते. आजूबाजूच्या गाजर गवतावरून ते आले असावेत. पैसे संपले म्हणून फवारणी थांबली, आणि फवारणी थांबली म्हणून ते टिकले. आधीच्या सहा फवारण्यांनी किती वेळा आलेले कीटक मारले असतील, कोण जाणे. आम्ही ममी असलेली पानं तोडून कागदी पिशव्यांत घातली, पिशव्यांना भोकं पाडली आणि दुसऱ्या ओळींतल्या झाडांना टांगल्या. बुंध्यावर चढणाऱ्या मुंग्यांची वारुळं शोधून त्यांचा बंदोबस्त केला. फवारणी पूर्ण बंद. दीड महिन्याने गेलो तेव्हा खालची पानं काळीच होती, पण वरची नवी सात-आठ पानं स्वच्छ हिरवी होती. काकांचं त्या वर्षीचं पहिल्या तोड्याचं नुकसान काही भरून आलं नाही.

त्या बागेतून मला कळलं ते असं, की कीटक देशात आणून भागत नाही. तो आला आहे आणि आता फवारू नका, हे बांधावर जाऊन सांगणाऱ्या माणसाचाही पगार अनुदानात धरावा लागतो. प्रस्तावात हा खर्च प्रसार म्हणून शेवटच्या ओळीत असतो, आणि कात्री लागली की पहिल्यांदा तोच जातो.

पुन्हा तेच अंतर

एप्रिल 2020 मध्ये केरळमध्ये त्रिशूरला टॅपिओकावर आणखी एक परका पिठ्या ढेकूण सापडला, फेनाकॉकस मॅनिहोटी. हा तर जगातला सगळ्यात प्रसिद्ध पिठ्या ढेकूण म्हणायला हवा. 1970 च्या दशकात त्याने आफ्रिकेतलं टॅपिओका उद्ध्वस्त केलं होतं, आणि ॲनागायरस लोपेझी नावाच्या परोपजीवीने ते वाचवलं. त्या कामासाठी हान्स हेरेन यांना 1995 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. म्हणजे उपाय जवळजवळ चाळीस वर्षं जुना.

तो कीटक पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमधून 2021 मध्ये बंगळुरूला आला, आणि मार्च 2022 मध्ये सेलम जिल्ह्यात येथापूरला सोडला गेला. कोविडच्या टाळेबंदीत विमानंच उडत नव्हती, हे लक्षात घेतलंच पाहिजे. संस्थेने त्या परिस्थितीत हे काम तडीस नेलं याचं मला मनापासून कौतुक आहे. तरीही कीड सापडल्यापासून शेतात कीटक सुटेपर्यंत पुन्हा जवळपास दोन वर्षं.

मधल्या काळात एक आधार गेला आहे. पपईच्या प्रकरणात दुवा जुळवणारी यूएसएआयडी 1 जुलै 2025 पासून बंद झाली. पुढचा ढेकूण येईल तेव्हा योग्य बागेत उभा राहणारा माणूस आपल्याच पैशातून आधी तयार ठेवावा लागेल.

माझी मागणी साधी आहे आणि ती पूर्ण करायला नवं शास्त्र लागत नाही. शेजारी देशांत पोहोचलेल्या पण आपल्याकडे अजून न आलेल्या किडींची यादी करता येते. त्यातल्या ज्यांचे परोपजीवी माहीत आहेत, त्यांच्या आयातीच्या परवानगीची फाइल, परदेशी प्रयोगशाळेशी करार, कोणत्या उपयोगी कीटकांवर चाचणी घ्यायची त्याचा आराखडा, हे सगळं कीड येण्याआधी तयार ठेवता येतं. त्यासाठी तीन वर्षांनी संपणारा आणि मार्चअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र मागणारा प्रकल्प उपयोगाचा नाही. बंगळुरूच्या संस्थेकडे आणि राज्यांतल्या केंद्रांकडे एक कायमचा राखीव निधी हवा, ज्याच्यातून कीड ओळखली गेल्याच्या आठवड्यात कीटकाचं विमानाचं तिकीट काढता येईल. बटाटे तोपर्यंत मोड आणून ठेवता येतात.